गायतोंडे नागपूरचे, असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका शाळेत चित्रकला शिकवते. माझं निम्मं वर्ष एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या तयारीत जातं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. मुलांच्या डोक्यात चित्र म्हणजे तांब्या, केळी, मागे पडदा आणि पडद्याच्या चुण्या.

मागच्या आठवड्यात नववीतली एक मुलगी तासानंतर थांबली. तिने कुठेतरी वाचलं होतं : चित्रकार वासुदेव संतू गायतोंडे, जन्म २ नोव्हेंबर १९२४, नागपूर. तिचा प्रश्न साधा होता. "मॅडम, ते नागपूरचे होते ना, मग त्यांनी नागपूरचं काय काढलंय?" मी फोनवर त्यांची दोन चित्रं काढून दाखवली. एक मोहरीसारखं पिवळं, एक राखाडी-हिरवं. (तीच इथेही टाकली आहेत.) तिने फोन जवळ घेतला, लांब धरला आणि विचारलं, "हे पूर्ण झालंय?"

मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली. तेव्हापासून मला चैन नाही. तिचे दोन्ही प्रश्न खरे आहेत. जन्मगावाचा चित्राशी काही संबंध असतो का? आणि ज्यात 'काही काढलेलं नाही' ते चित्र पूर्ण कधी होतं, हे चित्रकाराला कसं कळतं? ज्यांनी त्यांची मूळ चित्रं पाहिली आहेत, ज्यांनी त्यांच्याबद्दल वाचलंय, त्यांनी मोकळेपणाने लिहा. मला त्या मुलीला नीट उत्तर द्यायचं आहे.

धरमपेठकर

धागा काढलात, फार बरं वाटलं. आपल्या शहरात जन्मलेल्या माणसाचं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये स्वतंत्र मोठं प्रदर्शन झालं, हे इथल्या किती जणांना माहीत असेल? पद्मश्री १९७१ ची. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं चित्र २३.७ कोटींना गेलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १९७० सालचं एक चित्र ६७.०८ कोटींना. ज्या दिवशी बातमी येते त्या दिवशी सगळे नाव घेतात, दुसऱ्या दिवशी विसरतात. त्या मुलीला नाव माहीत होतं, याचंच मला कौतुक वाटलं.

वैनगंगा

धरमपेठकर, अभिमान मलाही आहे, पण तो जागच्या जागी असावा. गायतोंडे यांचं कुटुंब मूळ गोव्याकडचं. जन्म इथला, पण वाढले ते मुंबईत, गिरगावात. चित्रकला शिकले जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, १९४८ ला डिप्लोमा घेतला. चित्रकार म्हणून त्यांना नागपूरने घडवलं असं म्हणायला आधार नाही.

नागपूरने घडवलेला चित्रकार हवा असेल तर सैयद हैदर रझा आहेत. जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा. तेव्हा मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, म्हणून तिकडच्या जंगलातला मुलगा शिकायला इकडे आला. १९३९ ते १९४३ रझा नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, त्यानंतर जे. जे.मध्ये गेले. हरी अंबादास गाडे हेही विदर्भाचेच, नागपूर विद्यापीठाचे विज्ञान पदवीधर. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट सुरू झाला, त्याच्या सहा संस्थापकांत सूझा, आरा, हुसेन, बाकरे यांच्या जोडीला रझा आणि गाडे होते. सहातल्या दोघांच्या पायाला इथली माती लागलेली. हे आपण कुणी सांगत नाही.

गायतोंडे त्या गटाशी थोडे नंतर जोडले गेले.

रंगपेटी

वैनगंगा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. आणि तुम्ही रझांचं नाव काढलंत त्यामुळे माझ्या मनातली एक गाठ सुटली.

रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले, पुढे साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले, तरी त्यांच्या चित्रांत मंडल्याची रात्र, नर्मदा, काळी जमीन परत परत येते. लहानपणी गावच्या शाळेत मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं, ही आठवण ते स्वतः सांगत. त्या ठिपक्याचा 'बिंदू' व्हायला पुढची कित्येक दशकं लागली. त्यांनी गाव सोबत नेलं. काही चित्रांवर तर त्यांनी देवनागरीत ओळी लिहिल्या.

गायतोंडे यांचं उलटं. त्यांनी एकेक गोष्ट खाली ठेवली. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत माणसं आहेत, चेहरे आहेत, पक्षी आहेत. जे. जे.मध्ये जगन्नाथ अहिवासी आणि शंकर पळशीकर यांच्यासारखे शिक्षक मिळाले, बसोलीची (पहाडी शैलीतली) लघुचित्रं आणि जैन पोथ्यांतली चित्रं त्यांनी मन लावून पाहिली. तिथला सपाट रंग त्यांना भावला. मग पुस्तकांतून पॉल क्ले हा युरोपातला आधुनिक चित्रकार भेटला. क्लेची रेषा त्यांच्या त्या काळातल्या कामात अगदी स्पष्ट ओळखू येते. पण पन्नासच्या दशकाच्या शेवटी शेवटी आकृती गेली, रेषाही गेली, आणि लघुचित्रातला तो रंगाचा सपाट पट्टा तेवढा मोठा होत होत अख्खा कॅनव्हास व्यापून बसला. मला तरी असं दिसतं. प्रभाव म्हणजे काहीतरी उचलून आणणं असं आपण मुलांना शिकवतो. इथे प्रभाव म्हणजे काय काय नको ते कळणं.

१९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं, ते याच उंबरठ्यावर. त्याच सुमारास ते मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करत. तिथे एका आवारात चित्रकार, दिग्दर्शक अल्काझींचं नाटक, रविशंकरांची संगीतशाळा असं सगळं नांदत होतं. एवढ्या गजबजाटात बसून हा माणूस शांत चित्रं काढत होता, याचं मला फार नवल वाटतं.

आणखी एक. 'अमूर्त' हा शब्द त्यांना स्वतःला पटत नसे. अमूर्त म्हटलं की आधी काही मूर्त होतं आणि त्याचं सार काढलं, असा अर्थ होतो. त्यांच्या चित्रामागे असा कुठला विषयच नव्हता. म्हणून ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. आपण 'वस्तुनिरपेक्ष' म्हणू. वस्तुचित्राच्या तासाला शिकवणाऱ्या बाईने हा शब्द फळ्यावर कसा लिहायचा, ते मात्र मला अजून उमगलेलं नाही.

अजनी_लोको

मी रेल्वेत आहे, कलेतला नाही. कुणाचा अपमान करायचा नाही, खरंच समजून घ्यायचंय म्हणून विचारतो. मी आत्ता नेटवर वीसेक चित्रं पाहिली. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते तसं दिसतं. सुंदर दिसतं, नाही म्हणत नाही. पण ओल आपोआप धरते, तिला कुणी चित्रकार म्हणत नाही. मग यात माणसाने केलेलं काम कुठलं? झेन, मौन, ध्यान असे शब्द मी वाचले, पण त्यातून माझ्या हाती काही लागलं नाही. मला इंजिन दाखवलं तर कुठला पार्ट काय करतो ते मी सांगू शकतो. तसं कुणी सांगेल का?

महालचा_पेंटर

अजनीवाले दादा, तुमच्या प्रश्नासाठीच आज खातं उघडलं. मी घरं रंगवायचे ठेके घेतो, बावीस वर्षं झाली. चित्रकार नाही. मॅडमनी फोटो टाकले ते पाहून राहिलो दोन दिवसांपासून.

ओल आपोआप धरते, बरोबर. पण हे ओलीचं काम नाही, हे रोलरचं आणि पत्र्याचं काम आहे. मले दिसते ते सांगतो, चुकलं तर सांगा.

नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे खरवडायला घेतले का आधी प्लास्टिक पेंट निघते, त्याच्याखाली डिस्टेंपर, त्याच्याखाली ऑइलपेंटचा पट्टा, मग चुन्याचे हात. चुना तर मोजता येत नाही, दर पोळ्याले दिवाळीले एक हात मारलेला. कुठे नीळ जास्त पडलेली, कुठे गेरू, कुठे पिवळी माती. पत्रा तिरपा धरला का वरचा थर निघतो आणि खालचा राहतो. सरळ धरला का पार गिलाव्यापर्यंत जातो. किती जोर द्यायचा ते हाताले माहीत असते, तोंडानं सांगता येत नाही. आणि खालचा रंग वरून दिसते तेव्हा तो नुसता हिरवा नाही दिसत, आतून आल्यासारखा दिसते. डब्यातला हिरवा थेट मारला तर तसा कधीच येत नाही. गिऱ्हाईक म्हणते तसाच द्या, मी म्हणतो साहेब तो डब्यात नाही मिळत, त्याले पन्नास वर्षं लागतात.

तुमच्या या चित्रकारानं ते पन्नास वर्षांचं काम एका कापडावर केलेलं आहे असं मले वाटून राहिलं. थर चढवले, थर काढले, परत चढवले. ऑइल आहे म्हणजे खालचा हात वाळल्याशिवाय वरचा देताच येत नाही. घाई केली का वरून साय धरते, आत ओलं राहते, मग तडकते. मे महिन्यात नागपुरात ऑइलपेंट मारून पाहा, समजते. म्हणजे त्यानं थांबायचं काम केलं. आमच्या धंद्यात थांबायचे पैसे कोणी देत नाही, पण अर्धं काम तेच आहे.

रंगपेटी

दादा, तुम्ही जे ओळखलंत ते तंतोतंत खरं आहे. गायतोंडे रोलर वापरत, हे नोंदलेलं आहे. रंग रोलरने पसरायचा, पॅलेट नाइफने खरवडून काढायचा, पुन्हा पसरायचा. पुढे त्यांनी आणखी एक रीत शोधली : कागदाचे तुकडे कापून-फाडून त्यांवरून रंग कॅनव्हासवर उतरवायचा. सत्तरच्या दशकातल्या चित्रांत लिपीसारख्या खुणा दिसतात ना, न वाचता येणाऱ्या, त्यांतल्या पुष्कळ अशा उतरलेल्या आहेत. त्या ब्रशने लिहिलेल्या नाहीत, म्हणून त्यांना हाताचं वळण नाही. शिलालेख पुसट होत गेला की अक्षर आहे हे कळतं पण वाचता येत नाही, तसं काहीसं.

आणि थांबण्याचं म्हणाल तर वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. बाकी वेळ ते बसून असत. विचार करत, बघत, संगीत ऐकत. जवळचे मित्र त्यांना 'गाय' म्हणत, आणि या मित्रांच्या आठवणींतून हाच माणूस दिसतो : कमी बोलणारा, कामाच्या बाबतीत कुणाचं न ऐकणारा.

अजनी_लोको, तुम्हाला पार्ट हवे होते. रोलर, पत्रा, कागद आणि वाळायला दिलेला वेळ. एवढे चार.

वैनगंगा

मला झेनचा, म्हणजे जपानमधल्या बौद्ध ध्यानपंथाचा, मुद्दा असा सोडून द्यावासा वाटत नाही. तो शब्द फार वापरला जातो हे खरं, पण गायतोंडे यांच्या बाबतीत तो उगाच चिकटवलेला नाही. धनुर्विद्येतून झेन सांगणारं ऑयगेन हेरिगेल यांचं छोटं पुस्तक त्यांच्यावर खोल परिणाम करून गेलं. त्यात नेम धरणारा आणि बाण सुटणं यांतला 'मी' गळून पडतो, एवढीच गोष्ट आहे. ती महालच्या दादांच्या पत्र्याजवळच जाते : किती जोर द्यायचा ते हाताला माहीत असतं.

शिवाय रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि निसर्गदत्त महाराज. निसर्गदत्त महाराजांबद्दल मराठी माणसाने तरी जरा थांबून विचार करावा. मुंबईत विडीचं दुकान चालवणारा माणूस, खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर बसून मराठीत बोलायचा, आणि जगभरातून लोक ऐकायला यायचे. खेतवाडी आणि गिरगाव एकमेकांना लागून. गायतोंडे यांचं अध्यात्म जपानमधून आयात झालं असं लिहिणारे हा दहा मिनिटांच्या चालीचा रस्ता विसरतात. 'मी हा नव्हे, मी तोही नव्हे' असं एकेक बाजूला सारत जाण्याची रीत आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून आहे. आकृती, रेषा, शीर्षक एकेक सोडत गेलेल्या चित्रकाराला ती परकी वाटली नसणार. हे माझं मत, पुरावा म्हणून घेऊ नका.

बल्लारपूर_ते_दिल्ली

मी चंद्रपूरकडचा, शिक्षण नागपुरात, नोकरी दिल्लीत. मूळ चित्र पाहिलंय म्हणून लिहितो.

इंडिया गेटजवळ जयपूर हाऊसला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिथे पहिल्यांदा गायतोंडे पाहिले तेव्हा मी पुढे निघून गेलो होतो. खरंच. दोन दालनं पुढे जाऊन परत आलो. कारण सांगता येणार नाही, पाठीमागे कुणीतरी आहे असं वाटलं.

फोनवर जे मुळीच कळत नाही ते आकाराचं. चित्र माणसाच्या उंचीला भिडतं. १९६८ नंतर त्यांनी उभेच कॅनव्हास केले. आडव्या चित्रात आपण आपोआप क्षितिज शोधतो, जमीन खाली, आभाळ वर. उभ्या चित्राने ती सोय काढून घेतली. तरी मधेच कुठेतरी प्रकाश आडवा पसरतो आणि पाण्यावर पहाट झाल्याचा भास होतो. मग तो भास विरतो. परत येतो. मी पाऊण तास उभा होतो आणि तेवढ्या वेळात चित्राचा रंग बदलला, असं मी शपथेवर सांगेन. ढग बाजूला झाला असेल, किंवा माझे डोळे त्या मंद रंगाला सरावले असतील.

१९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्हज हे अमेरिकन चित्रकार त्यांच्या स्टुडिओत येऊन गेले, आणि न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला त्यांनी पत्र लिहिलं. त्यात थेट मार्क रॉथको या नामवंत अमेरिकन अमूर्त चित्रकाराशी तुलना होती. पुढच्याच वर्षी गायतोंडे रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले. पण तिथून आल्यावर त्यांची चित्रं अमेरिकन झाली नाहीत. रॉथकोसमोर उभं राहिलं की मोठं दुःख अंगावर येतं असं तिकडचे लोक सांगतात. गायतोंडे यांच्यासमोर मला दुःख झालं नाही, सुखही नाही. दुपारी अंबाझरी तलावाच्या काठावर कुणी नसताना बसलं की जसं वाटतं, तसं वाटलं.

१९७२ पासून ते दिल्लीत निजामुद्दीन ईस्टमध्ये एका बरसातीत राहत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली. दिल्लीच्या उन्हाळ्यात त्या खोलीचं काय होतं ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको. कोट्यवधींच्या बातम्या वाचताना मला ती गच्ची आठवते.

पेन्शनर_हनुमाननगर

चार वर्षांपूर्वी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तीन महिने पडून होतो. तेव्हा मुलीने वाचून दाखवलं होतं की १९८४ मध्ये गायतोंडे यांना अपघात झाला, मणक्याला मार बसला, आणि पुढची काही वर्षं मोठ्या कॅनव्हासवर काम करणं जमेना.

त्या काळात त्यांनी लहान कागदावर शाईने रेखाटनं केली. काळ्या खुणा, भोवती बराच कोरा कागद. त्यांची छायाचित्रं मी तेव्हा खूप वेळा पाहिली. रोलर फिरवायला पाठ लागते, उभं राहावं लागतं. शाईला मनगट पुरतं. शरीराने जेवढं ठेवलं होतं तेवढ्यात त्या माणसाने काम केलं, आणि त्या कामात तक्रार कुठे दिसत नाही. दशक संपता संपता ते परत कॅनव्हासकडे वळले. १० ऑगस्ट २००१ ला गेले.

मला रंगातलं काही कळत नाही. एवढंच लिहायचं होतं.

रंगपेटी

काका, तुम्ही हे लिहिलंत, मनापासून आभार. तो शाईचा काळ मी स्वतः कायम 'मधला खंड' म्हणून उडवून लावत आले. आज परत काढून बघते.

धरमपेठकर

मी पहिल्या प्रतिसादात किमती लिहिल्या, त्या मागे घेत नाही, पण आता माझंच मला ते अपुरं वाटतंय. एक विचारू का? त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? पूर्ण कधी झालं हे कसं कळतं?

अजनी_लोको

मी प्रयत्न करतो. परवा रात्रपाळीनंतर शेडमध्ये एका इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याकडे बघत होतो. रंगाचे तीन-चार थर, धूर, तेल, हात लागून लागून झिजलेला भाग. रोज तिथून जातो, कधी बघितलं नव्हतं. महालच्या दादांनी 'आतून आल्यासारखा' म्हटलं तो रंग तिथे होता. फरक मला असा वाटला : पत्र्यावर कुठे थांबायचं ते कुणी ठरवलेलं नाही, उद्या आणखी झिजेल. चित्रात कुणीतरी ठरवलं की इथे बस. आणखी एक हात मारला तर बिघडेल, एक कमी असता तर कच्चं राहिलं असतं. तो निर्णय म्हणजे काम. मला हे बरोबर वाटतंय, पण ते त्याला कसं कळायचं ते अजून नाही कळलं.

महालचा_पेंटर

दादा, मले पण भिंतीचं कसं कळते ते सांगता येत नाही. पोरगं विचारते, बाबा झालं का. मी दूर जाऊन भिंतीले टेकून बसतो, पाणी पितो. पाणी पिताना नजर कुठे अडकली नाही तर झालं. अडकली तर उठतो.

मॅडम, एक सांगायचं होतं. महालात सध्या एका जुन्या वाड्याची खोली खरवडून राहिलो. उत्तरेकडची भिंत पूर्ण उघडी झाली आहे. चुन्याचे सगळे हात दिसून राहिले, मधात एक निळा पट्टा आहे, तो कोणत्या सालचा ते मालकालेही माहीत नाही. मालकाले विचारलं, ते हो म्हणाले, पोरांना आणा. सकाळी नऊच्या आत आलात तर खिडकीतून तिरपं ऊन येते, तेव्हा चांगलं दिसते. सोमवारी पुट्टी लागते, मग काही राहणार नाही. रविवारीच या. पत्ता निरोपात पाठवतो.

रंगपेटी

दादा, येतो. मी आणि सहा मुलं, पालकांना विचारून झालं. ती मुलगी विचारत होती की रंग आणायचे का. मी म्हटलं, फक्त डोळे आण. तर म्हणाली, मग पाण्याची बाटली आणते, टेकून बसायला लागेल.

बल्लारपूर_ते_दिल्ली

पुट्टी लागायच्या आधी त्या निळ्या पट्ट्याचा एक फोटो इथे टाका. फोनवर कळणार नाही, माहीत आहे. तरी टाका.